बैत सुहैलचा चढ

मुसइद : हात काढ. हमूद, हात काढ म्हणतोय तिथून. चौथा गिअरच राहू दे.

हमूद : हाजी, गाडी ओढत नाहीये. इंजिन ठोकायला लागलंय, ऐकू येतंय ना तुम्हाला?

मुसइद : मला एवढंच ऐकू येतंय की माझा ड्रायव्हर कुरकुरतोय. इंजिन माझं आहे. त्याला काही म्हणायचं असेल तर ते मला म्हणेल. पाय दाब.

हमूद : पाय तळाला टेकलाय. आता आणखी कुठे दाबू?

मुसइद : मग टेकलेला राहू दे.

हमूद : जरा आरशात बघा. मागे धूर बघा कसा काळाकुट्ट निघतोय. तो नुसता धूर नाही, तुमचं डिझेल आहे. धड जळत नाही आणि तसंच बाहेर पडतं.

मुसइद : असं होय! म्हणजे इतके दिवस माझं डिझेल धुरातून जात होतं. मला वेड्याला वाटत होतं, डब्यातून जातंय.

हमूद : कसल्या डब्यातून?

मुसइद : ते तू सांगायचं, मी कसं सांगू? लढाई सुरू झाल्यापासून डिझेल मिळवायचं म्हणजे कुणाकुणाच्या दाढीला हात लावावा लागतो, तुला माहीत आहे. टाकी भरून देतो मी. तू वर शरफ गावाला पाणी टाकून खाली येतोस तेव्हा काटा तळाला लोळत असतो. आणि माझा पुतण्या फवाझ, काल मिसरूड फुटलेला पोरगा, हाच टँकर शरफला नेऊन आणतो तर टाकीत पाव भाग शिल्लक! काका, म्हणाला, सगळा घाट टॉपमध्ये काढला. इंजिन जितकं कमी फिरेल तितकं कमी पितं.

हमूद : फवाझ रिकामा टँकर घेऊन गेला होता, हाजी. लग्नाच्या सतरंज्या आणायला. रिकामा टँकर चौथ्यात काय, माझी आजीसुद्धा वर नेईल.

मुसइद : तुझी आजी निदान चोरी तरी करणार नाही.

हमूद : मी तुमचं डिझेल विकलेलं नाही. कुराणावर हात ठेवून सांगतो.

मुसइद : हात स्टिअरिंगवर ठेव. खाली दरी आहे.

हमूद : एकदा माझं ऐकून तर घ्या. फवाझ म्हणतो ते सपाटीवर खरं आहे. खाली वादीतल्या, कोरड्या नदीतल्या रस्त्याला मीही वरचाच गिअर ठेवतो, इंजिनाला उगाच पळवत नाही. पण चढावर भरलेली गाडी म्हणजे ओझ्याचं गाढव. त्याला लांब ढांगा टाकायला लावल्या की ते धापा टाकतं. खातं दुप्पट, चालतं निम्मं. छोटी पावलं टाकू दिली की कुरकुर न करता चढतं. वळण यायच्या आधी, गाडीला वेग आहे तोवरच तिसरा पाडायचा. अर्ध्या पायावर ठेवायची. मग इंजिन कसं गुणगुणतं बघा. धूर नाही, ठोका नाही. उगाच दुसऱ्यातही घालायची नाही, तिथे ते किंचाळतं आणि पितंही. गाडी हसत ओढेल तितका वरचा गिअर. रडत ओढेल तो नाही.

मुसइद : हसत आणि रडत! तू शुक्रवारचं प्रवचन द्यायला हवं होतंस. टँकरच्या दांड्यावर तू वाया गेलास.

हमूद : थट्टा करा. पण एकदा गिअर पाडू द्या आणि ॲव्हरेज बघा.

मुसइद : गाढवाचं मला नको शिकवूस. माझा बाप याच चढावर गाढवांवरून पाणी न्यायचा. तेव्हा कसले टँकर आणि कसलं डिझेल. एखादं गाढव मध्येच अडून बसलं, हलायलाच तयार नाही, तर बाप काय करायचा माहीत आहे? त्याच्या पोटाखाली वाळलं गवत पेटवायचा.

हमूद : आणि मग चढायचं?

मुसइद : एकदा चढायचं.

हमूद : पाण्याचा काटा लाल रेघेला लागलाय. इंजिन तापलं.

मुसइद : मागे टाकीभर पाणी डुचमळतंय आणि तू मला पाणी तापल्याची भीती घालतोस.

हमूद : रेडिएटर फुटला तर टाकीतलं पाणी कामाचं नाही. बघा, आता तर चालणारा माणूससुद्धा आपल्याला मागे टाकेल. टाकू का तिसरा? हाजी? बंद पडली तर चढावर उलटी जाईल. ब्रेकवर माझा भरवसा नाही.

मुसइद : टाक. टाक बाबा. मरायचं असेल तर तुझ्या शेजारी बसून नको. ...हं. आता का किंचाळली?

हमूद : वेग सगळा मेल्यावर टाकला ना. आधी टाकला असता तर अंगाला धक्कासुद्धा कळला नसता. आता बघा. आता ऐका.

मुसइद : ऐकतोय.

हमूद : धूर बघा.

मुसइद : बघतोय. धूर कमी झाला, मान्य. पण मी तुझ्या धुरासाठी वर आलेलो नाही. गाडीत बसून माझी हाडं खिळखिळी झाली आहेत, दुपारची नशेची पानं गालात ठेवून आरामात लवंडायचं सोडून मी इथे बसलोय ते कशासाठी? मला बघायचंय, खाली भरलेलं डिझेल वर पोचेपर्यंत कुठे सांडतं. ...ते पुढे काय आहे? त्या वळणावर?

हमूद : बैत सुहैल. पाचसहा घरांची वस्ती.

मुसइद : वस्ती मला माहीत आहे. त्या बायका कोण उभ्या आहेत रस्त्यावर?

हमूद : असतील कुणी. लाकूडफाटा गोळा करत असतील.

मुसइद : पिवळे कॅन घेऊन? लाकडं कॅनमध्ये भरतात का आता?

हमूद : हाजी, इथे थांबायला नको. उभ्या चढावर भरलेली गाडी थांबवली की परत पहिल्यातून उचलावी लागते. एका उचलीला जे डिझेल जातं त्यात पुढचं वळण होतं. तिसरा छान लागलाय, चालू दे.

मुसइद : किती काळजी रे तुला माझ्या डिझेलची! मघापासून पहिल्यांदाच दिसली. थांबव.

हमूद : हाजी—

मुसइद : थांबव. त्या बायका बाजूला होत नाहीयेत. बघ, हात करतायत. ओळखीच्या दिसतात. थांबव आणि चाकाला दगड लाव, तुझ्या ब्रेकवर तुझाच भरवसा नाही.

नूरिया : हमूद! अरे, आज एवढा काळा धूर कसला काढलास? आम्हाला वाटलं, दुसराच कुणी गाडी मारत येतोय. कॅन परत घरात न्यायला निघाल्या होत्या या. दौला म्हणाली, नाही, हॉर्न हमूदचाच आहे... अगं बाई. सलाम, हाजी. तुम्ही आहात होय आत.

मुसइद : सलाम, बहिणी. मीच आहे. गाडी माझी आहे ना, म्हणून कधीकधी बसतो.

नूरिया : बसा की. आम्ही आपल्या... रस्त्यावरून चाललो होतो.

मुसइद : कॅन फिरायला घेऊन?

हमूद : हाजी, ही माझी मोठी बहीण. नूरिया. इथे दिलीय तिला. मालक वारले तिचे.

मुसइद : अल्ला त्यांना जन्नत देवो. बहिणी, तू घाबरू नकोस. मी म्हातारा माणूस, मला खोटं बोललेलं पटकन कळतं आणि खरं बोललेलं आवडतं. हमूद दर खेपेला इथे थांबतो?

नूरिया : ...थांबतो.

मुसइद : आणि तोटी सोडतो?

नूरिया : आमचं टाकं फुटलंय, हाजी. तळाला भेग गेली. पावसाचा एक थेंब ठरत नाही त्यात. खालच्या झऱ्यावर जाऊन यायचं म्हणजे सकाळची निघालेली बाई दुपारच्या बांगेला घरी येते. हा प्यायला चार कॅन देतो, तेवढंच. त्यात हात धुतले तर भांडं घासायला उरत नाही. शरफच्या लोकांना काय समजणार आहे, टाकीत दोन बोटं पाणी कमी.

मुसइद : शरफच्या लोकांना नाही समजलं. मलाही नाही समजलं. पाण्याकडे माझं लक्षच नव्हतं, बघ. मी डिझेलच्या मागे लागलो होतो. आणि ते इथे सांडत होतं! तू म्हणालास ना आत्ता, हमूद? एका उचलीला एक वळण? तुझ्या तोंडानं म्हणालास.

हमूद : म्हणालो.

मुसइद : म्हणजे तू मला गिअर शिकवत होतास. ढांगा, पावलं, हसत, रडत. थेंब थेंब वाचवायची विद्या. आणि वाचवलेलं सगळं इथे आणून बहिणीच्या दारात ओतत होतास.

हमूद : वाचवलेलंच ओतलं, हाजी. तिसऱ्यात आणून जे वाचायचं त्यातच ही थांबायची उचल बसायची. तुमच्याकडून जास्तीचं कधी मागितलं नाही.

मुसइद : वाचलेलं माझं होतं, राजा.

नूरिया : हाजी, चूक आमची. मी त्याला सांगितलं होतं थांबायला. आता नाही थांबणार तो. आज काही नको आम्हाला. जा तुम्ही. ए पोरींनो, व्हा बाजूला, जाऊ दे गाडी.

मुसइद : थांब, बहिणी. घाई कशाला? हमूद, काटा बघ. जाईल वर?

हमूद : नाही.

मुसइद : नाही म्हणजे?

हमूद : खालपासून चौथ्यात रेटत आणली, अर्धं तिथेच गेलं. आता इथून पहिल्यात उचलायची. पुढे शरफच्या मशिदीपर्यंत सगळा उभा चढ. भरलेली टाकी घेऊन या डिझेलवर वर जाणार नाही. मध्येच कुठेतरी बसेल, आणि त्या अंगाला तर वळायलाही जागा नाही.

मुसइद : तुझ्या तिसऱ्यातही नाही?

हमूद : गिअर काही डिझेल बनवत नाही, हाजी. असलेलं पुरवतो. अर्धं पाणी उतरवलं तर जाईल. हलकी गाडी तिसऱ्यात सरळ जाईल, परत येण्यापुरतंही उरेल. उतारावर काय, लागतच नाही.

मुसइद : अर्धं पाणी.

नूरिया : मग इथेच उतरवा ना! हाजी, अल्लानंच थांबवली म्हणायची गाडी. अगं दौला, पळ, घराघरांत सांग. हंडे, पातेली, कढया, काय असेल ते आणा म्हणावं. पीठ मळायची परातसुद्धा आण. टाक्याच्या भेगेत आम्ही माती लिंपलीय, तासभर तरी धरेल, तेवढ्यात उपसून घेऊ. हाजी, तुमच्या आईबापांना दुवा मिळेल.

मुसइद : मिळेल, मिळेल. आणि भाव काय देणार?

नूरिया : भाव? आमच्याकडे... हाजी, बैत सुहैलमध्ये पुरुष माणूस किती उरलेत ते तुम्हाला माहीत आहे. कुणी सौदीला, कुणी लढाईवर, कुणी मातीत. एक बकरी आहे माझी, दुधाची. घेऊन जा.

मुसइद : बकरी वजनाला भारी. आत्ताच गाडी हलकी करायचं ठरलंय.

नूरिया : नाहीतरी तुम्ही ते उतरवणारच आहात ना?

मुसइद : उतरवणार आहे. दिलं असं नाही म्हटलं मी. बहिणी, तू शहाणी बाई दिसतेस, तुला सांगतो. रस्त्यावर पडलेल्या पाण्याला भाव नसतो, त्यामुळे त्याचा भाव पडत नाही. पण मी इथे तुला टाकीभर फुकट दिलं, की उद्या शरफचा माणूस म्हणेल, हाजी, मधल्या वळणावर तुम्ही धर्मादाय वाटता, आमच्याकडून मात्र दाम घेता. मग काय सांगू मी त्याला? टाकं फुटल्यावर फुकट मिळतं म्हणून तोही आपलं टाकं फोडेल.

नूरिया : असं कुणी करतं का?

मुसइद : मी केलं असतं. हमूद, खाली उतर. मागची तोटी पूर्ण उघड आणि परत येऊन बस.

हमूद : उघडतो. या बायका भरून घेईपर्यंत उभी ठेवू ना?

मुसइद : उभी ठेवून काय करू? तोटी उघड आणि गाडी उचल. चालता चालता हलकी होईल. आणि अर्धी झाली की मी सांगेन, तेव्हा बंद कर.

हमूद : हाजी, त्या मागे धावतील.

मुसइद : ज्याला तहान असेल तो धावेल. माझ्या बापाच्या गाढवांमागे लोक असेच धावायचे. सांडलेलं चाटायला.

हमूद : रस्ता खडीचा आहे. ओला झाला की साबणासारखा होतो.

मुसइद : मग तू सांभाळून चालव. तेवढं येतं ना तुला? की फवाझला बोलवू? आत्ता खाली निरोप धाडतो. तू तुझ्या बहिणीकडे राहा, भाऊबहीण मिळून झऱ्यावर जा पाण्याला. बाजारात पाण्याचे टँकर आहेत किती, आणि त्यातल्या कुणाचा मालक माझ्या शब्दाबाहेर आहे, आठव जरा.

नूरिया : मुसइद! तुला आई होती की नाही रे?

मुसइद : होती. तीही पाणी विकायची. हमूद, मी वाट बघतोय.

हमूद : नूरिया, मागे सर. सगळ्यांना मागे घे. धावू नका म्हणावं. नूरिया, ऐकतेस ना? पोरींना धरून ठेव.

नूरिया : तू खरंच उघडणार आहेस?

हमूद : मागे सर म्हणतो ना!

मुसइद : शाबास. आता बस. घाल पहिला. ...हळू. ...दुसरा. आता तू म्हणशील तो गिअर. आज मी काही बोलणार नाही, तुझंच राज्य. वा! बघ तर आरशात. हे बघायलाच हवं. कशा पळतायत! ती जाडी बघ, पातेलं पुढे धरून, जणू टँकरला दाणे टाकतेय. आणि ती कोण हिरव्या ओढणीची, पोरगीच आहे. सगळ्यांच्या पुढे. परात लावली तिनं धारेखाली, बघ, बघ! भरली तर अर्धी हिंदकळून तिच्याच अंगावर. आंघोळ झाली बाईची. कित्येक दिवसांची असेल.

हमूद : पुरे ना आता. बंद करू?

मुसइद : अर्धी कुठे झाली अजून? तिसरा टाक की. तूच म्हणतोस, वेग आहे तोवर टाकावा.

हमूद : तिसऱ्यात टाकला तर गाडी वेग धरेल. त्या...

मुसइद : टाक.

हमूद : टाकला.

मुसइद : अहाहा. गुणगुणतेय रे खरंच! मानलं तुला. धूर नाही, ठोका नाही. पाय किती दाबलायस?

हमूद : अर्धा.

मुसइद : अर्ध्या पायावर! आणि मी गाढव फवाझचं ऐकत होतो. ...अरे, आरसा कशाला फिरवतोस?

हमूद : ऊन डोळ्यांवर येत होतं.

मुसइद : तुझ्याकडचा फिरव. माझ्याकडचा आहे मला. हिरवी ओढणी अजून पळतेय, दमच संपत नाही पोरीचा. ...ओहो. गेली.

हमूद : काय गेली?

मुसइद : घसरली. तूच म्हणाला होतास, साबण.

हमूद : उठली का?

मुसइद : उठेल.

हमूद : हाजी, उठली का?

मुसइद : परात रस्त्याच्या कडेनं घरंगळत गेली. खाली दरीत गेली वाटतं. चांगली पितळी होती.

हमूद : मी थांबवतो.

मुसइद : पाय उचललास तर उचललेलाच राहू दे. किल्ली इथे ठेवायची, दार उघडायचं आणि चालायला लागायचं. परत माझ्या दारात यायचं नाही, कुणाच्याच दारात जायचं नाही. ठरव. मी घाई करत नाही. ...शाबास. चढ सोडायचा नसतो मध्येच. तूच तर शिकवलंस. आता पुढच्या वळणावर उतरून तोटी बंद कर, अर्धी झाली असेल. हळू जा, उगाच उरलेलं नको सांडायला. शरफला आज भाव दुप्पट सांगतो. अर्धंच आलंय म्हटल्यावर भांडून घेतील. आणि हमूद, ही विद्या तू एकट्यानं जवळ ठेवू नकोस. पुढच्या खेपेपासून फवाझ बसेल तुझ्या शेजारी. वळण कुठे येतं, गिअर कुठे पाडायचा, सगळं नीट दाखव त्याला. पोरगा चटकन शिकतो. शिकला की बघू मग तुझं काय करायचं ते.

(त्याच दिवशी, उन्हं कलल्यावर. बैत सुहैलचं वळण. टँकर रिकामा आहे. मुसइद शरफला जेवायला थांबला आहे. हमूद एकटाच खाली आला आहे.)

नूरिया : इंजिन बंद कर. ऐकू येत नाही.

हमूद : बंद केलं. हे घे. शरफच्या मशिदीच्या हौदातून भरून आणलंय, दोन कॅन. बांग देणाऱ्या मुअज्जिनानं दिलं. हाजीला माहीत नाही.

नूरिया : ठेव तिथे भिंतीला.

हमूद : आत आणून देतो.

नूरिया : तिथे ठेव म्हटलं ना.

हमूद : कुणाला काही मिळालं का? पाणी?

नूरिया : मिळालं की. तू गेल्यावर रस्त्यात जिथे जिथे खळगे होते तिथे साचलं होतं. आम्ही ओढण्या बुडवल्या आणि कढईत पिळल्या. पिळताना बकऱ्या मध्ये घुसत होत्या, त्यांना हाणावं लागलं. मग गाळून घेतलं. खाली गाळ बसला की वरचं पिता येतं. डिझेलचा वास आहे थोडा.

हमूद : ती कोण होती?

नूरिया : तुला दिसली होती ना?

हमूद : मला हिरवी ओढणी दिसली.

नूरिया : दौला. सालिहची सून. तिचा नवरा मागच्या ईदला गेला सौदीला, तेव्हा तिच्या हातावरची मेंदीसुद्धा धड गेली नव्हती. तीच ना जी म्हणाली होती, हॉर्न हमूदचाच आहे. गुडघ्याखाली मोडलाय पाय. हाड बाहेर आलंय. आम्ही फळ्या बांधल्या, पण रक्त थांबतंय आणि परत सुरू होतंय.

हमूद : तुला सांगितलं होतं ना मी. धरून ठेव म्हणून सांगितलं होतं.

नूरिया : सांगितलं होतंस. धरलंही होतं एकीला. दोनच हात आहेत मला.

हमूद : तो म्हणाला, उतर आणि चालायला लाग. बाजारात कुठेच उभं करणार नव्हता मला. घरी खाणारी तोंडं आहेत, नूरिया. धाकटीला दमा आहे, दर महिन्याला औषध लागतं.

नूरिया : माहीत आहे.

हमूद : चढावर थांबवली असती तर मागेही गेली असती गाडी. तुमच्याच अंगावर.

नूरिया : तेही असेल.

हमूद : मग असं काय बघतेस? शिव्या दे. मार. आईनं मारलं असतं मला.

नूरिया : हाजीला मी शिव्या दिल्या. तो पाणी विकतो, त्याला ऐकायची सवय आहे. तुला काय देऊ? तू पाळण्यात असताना आई गेली, तुला पाठीला बांधून मी याच चढावर लाकडं वेचली. तू केलंस त्याला शिवी मला माहीत नाही. तू तोटी उघडलीस त्याचंसुद्धा मला काही वाटलं नाही. नोकरी आहे, उघडणार. पण तू आरसा फिरवलास.

हमूद : ऊन येत होतं.

नूरिया : ऊन डोक्यावर होतं. आरसा हलला तेव्हा आमच्या डोळ्यांवर चमकलं. खालून सगळं दिसतं, हमूद. दौला तेव्हाच पडली. तुझ्याकडे हात करत होती ती, थांब म्हणून. चमकलं तशी तिनं डोळ्यांवर हात घेतला. जाऊ दे. बोलून हाड आत जाणार नाही.

हमूद : मी नेतो तिला. आत्ता नेतो. खालच्या दवाखान्यात हाडांचा डॉक्टर शनिवारी असतो, तो नसला तरी कंपाउंडर आहे, सुई देईल, पुढे पाठवतील. सीट लांब आहे, गोधड्या टाकू. हळू नेईन, दुसऱ्यात, इंजिनाच्या ताकदीवर, ब्रेकला पायसुद्धा लावणार नाही, धक्का बसू देणार नाही तिला. सालिहला मागे बसू दे. तू तिचं डोकं धर.

नूरिया : मी तेच म्हटलं तिला. तुझ्या गाडीचा आवाज वरून ऐकू आला, तेव्हाच म्हटलं.

हमूद : मग आणा तिला. खाट आणू का मी?

नूरिया : ती नाही म्हणते.

हमूद : काय नाही म्हणते?

नूरिया : या गाडीत बसणार नाही म्हणते.

हमूद : वेडी आहे का? सासरा काय म्हणतो?

नूरिया : सालिह रडतोय. तो म्हणाला, जा पोरी. चार वेळा म्हणाला. ती भिंतीकडे तोंड करून पडलीय.

हमूद : अगं, हाड बाहेर आलंय म्हणतेस. पाय जाईल तिचा. उद्यापर्यंत सडायला लागेल.

नूरिया : तेही सांगितलं.

हमूद : मी आत येतो. मी बोलतो तिच्याशी. पाया पडतो.

नूरिया : नको. आत येऊ नकोस.

हमूद : मग ती जाणार कशी? या रस्त्यानं दुसरी गाडी आज येणार आहे का?

नूरिया : आज नाही.

हमूद : उद्या?

नूरिया : येईल तेव्हा जाईल.